अटॅकचा आकडा मोठा म्हणून वेपन भारी? साफ चूक आहे

माझा भाचा परभणीला असतो. दहावीची परीक्षा संपल्यावर ताईनं त्याला एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि त्यानं 'मॉन्स्टर हंटर वर्ल्ड' हा राक्षसांच्या शिकारीचा व्हिडिओ गेम सुरू केला. ड्युअल ब्लेड्सवर, म्हणजे दोन हातांतल्या दोन पात्यांवर, त्याचा हात मस्त बसला होता. बारोथ, जायराटोडस, टोबी-कडाची हे राक्षस एकट्यानं पाडले पोरानं. आणि परवा रात्री साडेदहाला फोन, आवाज रडवेला. "मामा, अंजानाथ राक्षस होतच नाही. आठ वेळा फेल झालो." म्हटलं, ब्लेड्सना धार लावतोस का मधेमधे? तर म्हणतो, "ब्लेड्स सोडले. हॅमर घेतला, त्याचा अटॅक चौपट आहे."

हे त्याला सांगितलं कुणी? ग्रुपवर फिरणाऱ्या 'नवीन हंटरसाठी सहा पक्क्या टिप्स' या मेसेजनं. त्यानं तो मला पाठवला. दोन दिवसांत तोच मेसेज मला लातूरच्या दोन मित्रांकडूनही आला, म्हणून हे लिहायला बसलोय.

पहिली टिप अशी: "वेपन निवडताना फक्त अटॅकचा आकडा बघा. हॅमर 416, ग्रेट स्वर्ड 384, ड्युअल ब्लेड्स फक्त 112. ब्लेड्स म्हणजे टाइमपास."

आकडे खरे आहेत. खेळाच्या सुरुवातीला पेटीत जी हत्यारं मिळतात, त्यांचेच आहेत. पण 'वर्ल्ड'मध्ये स्क्रीनवर दिसणारा अटॅक हा मूळ अटॅक नसतोच. प्रत्येक प्रकारच्या वेपनला एक ठरलेला गुणक आहे आणि मूळ आकड्याला त्यानं गुणून दाखवतात. हॅमरचा 5.2, ग्रेट स्वर्डचा 4.8, लाँग स्वर्डचा 3.3, ड्युअल ब्लेड्सचा 1.4, धनुष्याचा 1.2. आता भागून बघा. 416 भागिले 5.2, उत्तर 80. 384 भागिले 4.8, उत्तर 80. 112 भागिले 1.4, उत्तर 80. लाँग स्वर्डचे 264 घ्या, धनुष्याचे 96 घ्या, तिथंही 80 च. सगळी हत्यारं एका पातळीवर उभी आहेत आणि मेसेजवाल्यानं त्यातलं एक चौपट भारी करून टाकलं!

मग गुणक ठेवलाच कशाला? हॅमरचा एक घाव जड असतो, पण तो घालायला वेळ लागतो. ब्लेड्सचा एक वार हलका, पण तेवढ्याच वेळात वार कितीतरी जास्त पडतात. तो जडपणा आकड्यात दिसावा म्हणून हा गुणाकार. 2021 च्या 'राइज' या याच मालिकेतल्या पुढच्या खेळात कॅपकॉम या कंपनीनं तो काढूनच टाकला आणि मूळ आकडे दाखवले. आता एकाच हत्यारात, म्हणजे ब्लेड्सची ब्लेड्सशी तुलना करायची असेल, तर आकडा बघावाच लागतो. तेवढं मान्य. पण मेसेजमध्ये ते लिहिलेलंच नाही.

यात भाच्याचं नुकसान काय झालं ते ऐका. त्याला अंजानाथचं शेपूट हवं होतं. आठही हंटमध्ये तो मागं पळत जाऊन शेपटीवर हॅमर घालत होता. हॅमरनं शेपूट तुटत नाही! हॅमरचा मार ठेचणारा. तो डोक्यावर घातला तर राक्षस चक्कर येऊन आडवा पडतो, पण शेपटीला कापणारं हत्यारच लागतं. म्हणजे ब्लेड्स, जे त्यानं पेटीत टाकून दिले होते. वर अंजानाथ पाण्याच्या मारापुढं सगळ्यात जास्त कच्चा आणि पाडलेल्या जायराटोडसचं सामान भाच्याकडे पडून होतं, ज्यातून पाण्याचे ब्लेड्स बनतात. ब्लेड्सचे भराभर वार आणि पाण्याचा मार, याहून चांगली जोडी त्याला त्या टप्प्यावर मिळाली नसती. राक्षसाच्या डोक्यावर जीवाची पट्टी दिसत नाही या खेळात, त्यामुळे आपण चुकीच्या जागी मारतोय हे नवख्याला कळतही नाही. तो स्वतःलाच दोष देत बसतो.

हे मी मनानं सांगत नाही. खेळातच हंटर्स नोट्स नावाची माहितीची वही आहे. त्यात मोठ्या राक्षसांची माहिती उघडा. कुठला भाग फुटतो, कुठला कापला जातो, कापणाऱ्या माराला किती चांदण्या, ठेचणाऱ्याला किती, गोळी-बाणाला किती, सगळं भागवार दिलंय. राक्षसाचा अभ्यास वाढेल तसं एकेक पान उघडत जातं. मेसेज पुढं ढकलणाऱ्यानं ते एकदा उघडलं असतं तरी पुरे होतं.

बाकीच्या टिपा पटपट घेतो.

"आर्मरवर खर्च नको, चांगल्या खेळाडूला मार बसत नाही." मार सगळ्यांना बसतो. बसणारा मार 80 भागिले (80 अधिक डिफेन्स) या हिशेबानं कमी होतो. डिफेन्स 80 असेल तर अर्धाच लागतो, 160 झाला तर एक तृतीयांश. तीनदा बेशुद्ध पडलं की क्वेस्ट (हाती घेतलेली मोहीम) संपतं, मग हा खर्च वाया कसा?

"जेवणात वेळ घालवू नका." पोटभर जेवून गेलं की जीव 100 चा 150 पर्यंत जातो. पुढं बोलायची गरज नाही.

"लढताना धार लावणं म्हणजे वेळेचा नास." पिवळ्या धारेचा मार एकपट, हिरव्याचा 1.05, निळ्याचा 1.2. धार पार उतरली की कडक भागावरून हत्यार उलटं उसळतं आणि आपण तिथंच अडकतो. 'वर्ल्ड'मध्ये धारेचा दगड संपतही नाही. राक्षस दुसरीकडे निघाला की लावून घ्यायची.

"कॅप्चर करू नका (म्हणजे जिवंत पकडू नका), मारल्यावर सामान जास्त मिळतं." यात थोडं तथ्य आहे. काही वस्तू मेलेल्या राक्षसाला कापून मिळायची शक्यता जास्त, काही कॅप्चरमध्ये जास्त. हेही नोट्समध्ये दिलंय. पण लंगडत निघालेल्याला सापळ्यात घेऊन दोन ट्रँक बॉम्ब (गुंगी आणणारे बॉम्ब) टाकले की शेवटची झटापट वाचते. इकडं लाइटचा भरवसा नाही, क्वेस्टच्या मधेच गेली तर सगळी मेहनत पाण्यात. अशा ठिकाणी ती पाच मिनिटं लाखमोलाची आहेत. एल्डर ड्रॅगन या बड्या राक्षसांच्या जातीतले मात्र कॅप्चर होत नाहीत.

"डिफेंडर वेपन शेवटपर्यंत वापरा." हेही अर्धंच खरं. ती तयार भारी हत्यारं 'आइसबोर्न' या खेळाच्या वाढीव भागाच्या काळात आली, मूळ गोष्ट झटपट उरकून पुढं जाता यावं म्हणून. ज्याला घाई आहे त्यानं घ्यावीत. पण 'आइसबोर्न'च्या मास्टर रँकमध्ये, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, ती कमी पडतात आणि तोवर हत्यार कसं वाढवायचं हे शिकायचं राहून गेलेलं असतं.

भाच्यानं काल पाण्याचे ब्लेड्स बनवून घेतले. हॅमरशी माझं काही वैर नाही, मी स्वतः वर्षानुवर्षं हॅमरच खेळतो. रविवारी लाइट राहिली तर आम्ही दोघं अंजानाथवर जाणार आहोत. डोकं माझ्याकडं, शेपूट त्याच्याकडं.