डिकीतली पंचगंगा

जुलैत कोल्हापुरात माणूस माणसाला भेटला की 'जेवलास काय' विचारत नाही, 'किती फूट?' विचारतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. आमचे आप्पा चष्मा लावायच्या आधी मोबाईल उघडतात आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात गॅलरीतून सांगतात, "३७ फूट २ इंच. चढायलंय."

त्या सकाळी पार्किंगमधून त्यांना उत्तर गेलं. "आप्पा, गाडीत पण २ इंच!"

बायको ऑफिसला निघाली होती आणि तिची चप्पल पायाखालच्या मॅटवर चक्क तरंगत होती. "मी पाय वर घेऊन बसतो, तुम्ही चालवा," ती म्हणाली. (आमच्याकडं बायका 'बसतो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) दसरा चौकात सिग्नलला ब्रेक मारला तर मागून आवाज आला, डुबुक. जरा पुढं गेलो, परत ब्रेक, परत डुबुक. गाडीत कळशी ठेवल्यासारखा. घरी येऊन डिकीतला गालिचा उचलला तर स्टेपनी अर्ध्यापर्यंत पाण्यात. जॅक तळाला गेलेला, आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेला पाना गंजून सापडला.

गाडी सेकंडहँड आहे, वय झालंय, सगळं मान्य. पण गाडीबद्दल माझा एक ताठा होता. शेजारचे काका उन्हाळ्यात एसी लावून आले की त्यांच्या गाडीखाली हे एवढं थारोळं साचायचं. मी दोनदा अदबीनं सुचवलंही होतं, "काका, दाखवून घ्या कुठंतरी. आमची बघा, एक थेंब खाली सोडत नाही." आता कळलं, थेंब खाली सोडत नव्हती म्हणजे आत साठवत होती.

पहिला मेस्त्री घराजवळचा. त्यानं बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि स्टेपनीच्या खड्ड्यातलं रबरी बूच उपसून माझ्या हातात दिलं. "घ्या. आता कितीबी येऊ दे, खालनं जाईल." वर मागच्या काचेभोवती सिलिकॉनची नळी रिकामी केली, लग्नाच्या केकवर क्रीम फिरवावं तशी. दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि रस्त्यावरचं पाणी मागच्या चाकांनी उडवून त्याच भोकातून कारंज्यासारखं वर आलं. आधीचं पाणी निदान स्वच्छ तरी होतं.

आप्पांचं निदान वेगळं होतं. "पाऊस गगनबावड्याला पडतोय, पाणी चढायलंय पंचगंगेला. तू डिकीत भोक कशाला हुडकतोयस? वर बघ वर." त्यांनी २०१९ चा ५५ फुटांवरचा पूर पाहिलाय, २०२१ चा पण पाहिलाय. त्यामुळं बादलीभर पाण्याबद्दलही ते पाटबंधारे खात्यासारखे बोलतात. मी दुर्लक्ष केलं.

मग उद्यमनगर गाठलं. तिथला मेस्त्री म्हातारा, कानाला विडी. त्यानं गाडीला हातसुद्धा लावला नाही. आधी आप्पांचंच वाक्य दुसऱ्या शब्दांत ऐकवलं (हे मी घरी सांगितलं नाही) आणि मग गृहपाठ दिला. मागची सीट पाडून आत झोपायचं. पत्रा कोरडा पुसून त्याच्यावर अंगाची पावडर मारायची. बाहेरून एकानं पाणी सोडायचं, पण खालून वर. "आधी बंपर, मग लाईट, मग काच, टप सगळ्यात शेवटी. वरनं एकदम वतलं तर सगळंच भिजतंय, मग तुमास्नी कळणार काय?"

रविवारी मी पावडरीच्या घमघमाटात, हातात मोबाईलची बॅटरी धरून डिकीत आडवा झालो. बायकोनं दार लावलं आणि पाईप घेतला. बंपर झाला, काही नाही. तेवढ्यात बाहेरून काकांचा आवाज.

"वहिनी, साहेब कुठायत?"

"डिकीत आहेत."

"बरं बरं." जसं काही मी बाथरूमात होतो. मग काचेवर टकटक आणि काकांचा वाकलेला चेहरा. "न्हाई म्हटलं, मेन्टेनन्सचं तेवढं द्यायचं राहिलंय. सावकाश होऊ दे तुमचं." काका सोसायटीचे खजिनदार आहेत.

ते गेले आणि डाव्या टेललाईटच्या मागं एक थेंब तयार झाला. फुगला, लोंबला, पत्र्यावर टेकला. मला वाटलं तिथंच ओघळेल, तर नाही. वेल्डिंगच्या कडेकडेनं, पावडरीत बारीक काळी रेघ ओढत, मुंगीसारखा सरपटत तो हातभर लांब जाऊन भलत्याच कोपऱ्यातून खड्ड्यात पडला. त्या कोपऱ्याला मी आतापर्यंत तीनदा एम-सील लावलं होतं. टेललाईट खोलला तर मागचं फोमचं गॅस्केट शिळ्या भाकरीसारखं कडक होऊन तुटलेलं. नवं बसवलं, बूच परत जागेवर घातलं, डिकी कोरडी. आप्पांना सांगणं भाग होतं. पुढचे आठ दिवस गगनबावड्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

पण चप्पल तरंगतच होती.

त्याचं मूळ समोरच्या काचेखाली निघालं. वायपरच्या खाली जी जाळी असते, तिच्याखाली पावसाचं पाणी बाहेर न्यायला पन्हळ असते. मी गाडी गुलमोहराखाली लावतो. गुलमोहराचं पान म्हणजे चिमटीत न येणारी बारीक चुरी, जाळीतून आरामात आत जाते. पन्हळ तुंबली की पाणी ब्लोअरच्या वाटेनं थेट डाव्या सीटवाल्याच्या पायावर. जाळी काढली तर आत घमेलंभर खत आणि त्यात बोटभर पिंपळाचं रोप, दोन तकतकीत पानं घेऊन उभं. "पिंपळ उपटायचा नसतो," बायको म्हणाली. आप्पांनी तो मातीसकट अलगद काढून डब्यात लावला. सध्या गॅलरीत आहे.

दरवाजाचं थोडक्यात सांगतो. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, ते खालच्या भोकांतून निघून जायचं असतं. आमची भोकं चिखलानं बुजलेली, आणि आतला प्लास्टिकचा कागद पूर्वीच्या मालकानं स्पीकर बसवताना फाडलेला. काडी, चिकटपट्टी, विषय संपला. खरा जीव गेला तो गालिचा वाळवताना. त्याच्याखाली जाड फोम असतो, तो पाणी पितो आणि सोडत नाही. ऐन श्रावणात तो कुठं वाळत घालणार? हॉलमध्ये पंख्याखाली चार दिवस पसरला होता. घरभर ओल्या घोंगड्याचा वास. पाहुणे दारातूनच परत गेले, एवढा एक फायदा.

दसऱ्याला गाडीला हार घातला. आकाश निरभ्र, नदी पात्रात, आप्पा बेकार. ऑक्टोबरचं ऊन, म्हणून एसी लावून जोतिबाला जाऊन आलो. उतरताना बायकोनं पाय झटकला.

"अहो. ओलं आहे."

महिनाभर पाऊस नव्हता. आप्पांचे डोळे चमकले. "पंचगंगेत नद्या किती?" त्यांनी विचारलं. "कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. ह्या चार दिसतात. टेललाईट, जाळी, दार, आणि तुझं ते बूच. पाचवी सरस्वती. ती गुप्त!"

उद्यमनगरच्या मेस्त्रीनं गुप्त सरस्वतीचं पाणी दोन बोटांत चोळलं, हुंगलं. "चिकट न्हाई, गुळचट वास न्हाई. म्हंजे इंजिन गार ठेवायचं कूलंट न्हवं. एसीचं हाय." एसी हवेतली ओल ओढतो आणि तिचं पाणी करून एका नळीतून गाडीखाली सोडतो. ती नळी बंद असेल तर पाणी घरातच मुक्काम करतं. तो गाडीखाली शिरला, नळीत तार घातली, आणि कुंभारमाशीच्या घराचा मातीचा गोळा टपकन खाली पडला. मागोमाग भळाभळा पाणी. पैसे विचारले तर म्हणाला, "चहा सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी एसी लावून घरी आलो, गाडी लावली. पाच मिनिटांत तिच्याखाली हे एवढं सुरेख थारोळं साचलं. मी वाकून बघत होतो, तोवर मागं काका येऊन उभे.

"तुमची गाडी गळायला लागली की हो. दाखवून घ्या कुठंतरी."

"व्हय काका," मी म्हटलं. "कालच दुरुस्त करून आणली."