१०.२, १०.२, १०.२

रसायनशास्त्र शिकवायला नुकतेच लागला असाल, तर आधी एक करा. टायट्रेशनचं (थेंब थेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजायच्या प्रयोगाचं) उत्तर स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा आणि त्या आकड्यालाच मार्क द्या. कुठे थांबायचं ते रंगानं सांगणारं फिनॉल्फ्थॅलिन फिकट गुलाबी झाल्यावर पोरगं थांबलं की गडद जांभळ्यापर्यंत गेलं, हे बघायला टेबलापाशी कशाला जायचं? मुलं हुशार असतात. दुसऱ्याच आठवड्यापासून सगळ्या जर्नलांत १०.२, १०.२, १०.२ अशी शिस्तबद्ध रांग लागते. काहींच्या तर ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची नळी) भरायच्या आधीच. एखादीनं १०.२, १०.४, १०.१ लिहिलं, तर तिला सगळ्यांदेखत झापा. तिनं तीनही वेळा खरंच टायट्रेशन केलंय, याचा तो पुरावा आहे. असली खोड वेळीच मोडलेली बरी.

पुढे हीच मुलं तुमच्याकडे पीएचडीला येतात. टायट्रेशनमध्ये पेरलेलं इथे उगवतं.

विद्यार्थ्याला दहा पायऱ्यांचं संश्लेषण द्या. प्रत्येक पायरीला ९० टक्के यिल्ड (जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या पदार्थापैकी हाती आलेला वाटा) आलं तरी शेवटी हातात जेमतेम ३५ टक्के उरतं, हा हिशोब वर्गात फळ्यावर तुम्हीच केलेला असतो. केबिनमध्ये तो आठवायचा नाही. 'यिल्ड एवढं कमी कसं?' इतकंच विचारायचं आणि मोबाईलकडे बघायचं. सोमवारपर्यंत ते ९४ होतं. कधी १०८ होतं. तेव्हाही चिडू नका. सॉल्व्हंट (द्रावक) नीट उडालेलं नाही, वजन त्याचंच आहे, हे तुम्हाला कळतं आणि त्यालाही. 'जरा जास्त वाटतंय,' एवढं पुटपुटा. संध्याकाळपर्यंत ९६ होईल.

एनएमआरही, म्हणजे रेणूची रचना पीकांवरून सांगणारा आलेख, असाच वाचावा. ४.१२, २.०५ आणि १.२६ ला देखणे पीक दिसतात. ते शुद्धीकरणाच्या कॉलममधून आलेल्या सॉल्व्हंटचे, म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेटचे आहेत, हे दुसऱ्या कुणाच्या विद्यार्थ्याला लगेच सांगाल. पण आपल्याला नेमकं इथाइल एस्टरच हवं होतं ना? मग इथाइल गटाचे ४.१२ आणि १.२६ आपले. २.०५ ला अशुद्धी म्हणा.

फसलेल्या रिअ‍ॅक्शन वहीत लिहू देऊ नका, वही घाण दिसते. शिवाय दोन वर्षांनी येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला त्याच रिअ‍ॅक्शन नव्यानं फसवण्याचा आनंद कसा मिळणार?

आणि रसायनशास्त्रज्ञ मोझेस गोम्बर्गची गोष्ट चुकूनही सांगू नका. बुवा हेक्साफेनिलइथेन नावाचं संयुग करायला निघाले. विश्लेषणात कार्बन पुन्हा पुन्हा कमी भरला. आपल्याकडचा असता तर दुसऱ्या दिवशी बरोब्बर भरला असता! हा गृहस्थ मात्र त्या कमी आकड्याच्याच मागे लागला. हवेतला ऑक्सिजन मध्ये लुडबुडतोय हे ओळखून त्यानं हवा टाळून प्रयोग केला, आणि १९०० साली ट्रायफेनिलमिथाइल हा मुक्त मूलक (जोडीविना एकटा इलेक्ट्रॉन असलेला कण) जगापुढे मांडला. त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट एकच. हे क्षेत्र मला माझ्यासाठी राखून ठेवायचं आहे, असं त्यानं निबंधाच्या शेवटी चक्क लिहून टाकलं. याला म्हणतात गाईड.

हो, एक राहिलंच. ती १०.४ वाली मुलगी एक दिवस पीएचडीचा अर्ज घेऊन येईल. जागा भरल्यात म्हणून सांगा.