मानेला मेट्रो झाली

मॉस्कोला जाऊन आलो म्हटलं की लोक तीनच गोष्टी विचारतात, थंडी किती होती, क्रेमलिन बघितलं का आणि व्हेज खायला काय मिळालं. माझी मान डावीकडे का वळत नाही हे कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

नवऱ्याने जायच्या आधी महिनाभर मॉस्को मेट्रोचे व्हिडिओ बघितले. मला वाटलं बरं आहे, टॅक्सीचे पैसे वाचतील. मग हळूहळू लक्षात आलं की याला मेट्रोने कुठेही जायचं नाहीये, याला मेट्रोतच जायचंय. म्हणजे खाली उतरायचं, स्टेशन बघायचं, गाडीत चढायचं, पुढचं स्टेशन बघायचं आणि वरचं शहर वगैरे वेळ उरला तर. त्याने यादी केली, नकाशात ज्या लाइनचा जो रंग त्याच रंगाच्या स्केचपेनने, आणि ती लॅमिनेट करून आणली. आमचं मॅरेज सर्टिफिकेट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, हे आपलं सहज सांगितलं.

सोबतीला नणंदेचा मुलगा. तो तिकडे डॉक्टरकी शिकतो, आपल्याकडची बरीच मुलं जातात. त्याला नवऱ्याने यादी दाखवली तर म्हणाला, "मामी, यातल्या दोन स्टेशनांवरून मी रोज जातो, छताला एवढं सगळं आहे हे मला मामाच्या व्हिडिओत कळलं." त्याला तरी काय बोलणार, तिथे कोणीच वर बघत नाही. वर्षाला २०० कोटींहून जास्त प्रवास होतात त्या मेट्रोत आणि त्यातला एकही माणूस मला झुंबराकडे बघताना दिसला नाही, सगळे समोरच्याच्या पाठीवर नजर ठेवून सुसाट. आमच्यात मग एक फक्त वर बघणारा, एक फक्त समोर बघणारा आणि मधे मी, दोघांची जॅकेटं हातात घेऊन, कारण बाहेर गारठा आणि खाली उकाडा.

सुरुवात दारापासूनच होते. स्टेशनच्या तोंडाशी ही जडच्या जड दारं, आतबाहेर दोन्हीकडे झुलणारी, आणि बोगद्यातली हवा त्यांना खालून ढकलत असते. पुढचा माणूस जाता जाता मागे न बघता दार क्षणभर धरतो, तेवढ्यात तुम्ही पकडलंत तर ठीक, नाहीतर ते परत येतं. माझ्यावर आलं. मी दोन्ही जॅकेटं पुढे केली म्हणून नाक वाचलं.

मग एस्केलेटर. आपल्या मॉलमधल्यासारखे नाहीत, खालचं टोक दिसत नाही असे लांब, आणि स्पीडही चांगलाच. नवरा उतरता उतरता आमच्याकडे तोंड करून सांगतोय, १५ मे १९३५ ला पहिली लाइन सुरू झाली, १३ स्टेशनं होती, साध्या कामगाराला पण रोज राजवाड्यातून ये-जा केल्याचं समाधान मिळालं पाहिजे म्हणून संगमरवर आणि झुंबरं, आणि मागून एक बाई काहीतरी बोलल्या. भाचा म्हणाला, "मामा, उजवीकडे सरक, डावी बाजू चालणाऱ्यांची आहे." नवरा सरकला, पण लेक्चर डावीकडेच राहिलं, म्हणजे हात.

खाली एस्केलेटरच्या पायथ्याशी काचेची केबिन असते, त्यात एक बाई बसून जिन्याकडे बघत असतात. नवरा विचारायला गेला की मायाकोव्हस्कायाला कुठून जायचं. बाईंनी चेहऱ्यावरची रेष न हलवता केबिनवरच्या पाटीकडे बोट केलं. भाच्याने वाचून दाखवलं, "एस्केलेटरवरील कर्मचारी माहिती देत नाहीत." आम्ही पुण्याचे, आम्हाला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

मायाकोव्हस्काया खरंच सुंदर आहे हे आधी कबूल करते. १९३८ चं, दुश्किन नावाच्या आर्किटेक्टचं, खांबांना चकचकीत स्टीलच्या पट्ट्या, आणि छतात ओळीने लंबगोल घुमट, प्रत्येक घुमटात दैनेका या चित्रकाराचं मोझाइक, अशी ३४. सोव्हिएत देशातला एक आख्खा दिवस दाखवलाय, सकाळ, दुपार, रात्र आणि परत सकाळ, आणि सगळं खालून आकाशाकडे बघितल्यासारखं, विमानं, पॅराशूट, फळांनी लगडलेल्या फांद्या. फक्त घुमट असे खोल की लांबून काही म्हणजे काही दिसत नाही, बरोबर खाली जाऊन उभं राहायचं आणि मान काटकोनात मागे टाकायची. दिसलं की चार पावलं पुढे, परत मान. मला पॅराशूटवाला आठवतोय, त्यानंतर मानेतून कट्ट असा आवाज आला आणि सोव्हिएत देशात रात्र झाली.

नवरा तिकडे रंगात. ६ नोव्हेंबर १९४१ ला जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीवर होतं तेव्हा स्टालिनने याच प्लॅटफॉर्मवर सभा घेतली, बॉम्बपासून सुरक्षित म्हणून. "३३ मीटर खोल आहे," तो म्हणाला, "आपलं सिव्हिल कोर्टचं स्टेशन पण साधारण तेवढंच खोल आहे, माहितीये?" मी म्हटलं, मग तेच बघितलं असतं की, रिक्षाने गेलो असतो.

प्लोश्चद रेव्होल्युत्सी मात्र मला आवडलं, कारण तिथे बघायचं ते खाली आहे. मॅनिझरने केलेले ब्राँझचे ७६ पुतळे, सैनिक, कामगार, विद्यार्थी, कोंबड्यांना दाणे घालणारी बाई, आणि कमानी ठेंगण्या असल्यामुळे बहुतेक जण वाकलेले नाहीतर गुडघ्यावर बसलेले. त्यात सीमेवरच्या जवानाजवळ कुत्रा आहे, त्याचं नाक चोळलं की काम होतं म्हणतात, विशेषतः परीक्षेचं. सगळा कुत्रा काळपट आणि नाक तेवढं सोन्यासारखं पिवळं लख्ख. मी तिथे उभी राहून बघत होते, चालता चालता लोकांचे हात येत होते, हातमोजा काढून एक बोट, आख्खा पंजा, कडेवरच्या पोराचा हात धरून, आणि कोणी थांबत नव्हतं, आपण देवळात शिरताना नंदीला हात लावून पुढे होतो तसं. आमचा भाचा, जो छताकडे कधी बघत नाही, त्याचाही हात आपोआप गेला.

"तुझा विश्वास आहे यावर?" नवऱ्याने विचारलं.

"छे. पण पुढच्या आठवड्यात फार्माकॉलॉजी आहे."

मी मानेसाठी चोळलं. नवरा तोवर कोंबड्याला धरून फोटोसाठी उभा राहिला होता. भाचा म्हणाला, "अरे मामा, कोंबडा नको! कोंबड्याला हात लावला की वाईट होतं म्हणतात." नवरा म्हणाला, असलं काही नसतं, तू फोटो काढ.

मधे पार्क पोबेदी नावाचं स्टेशन झालं. २००३ चं आहे, यादीत दिसायला सुंदर म्हणून नाही तर ८४ मीटर खोल म्हणून. एस्केलेटर १२६ मीटर लांब, वर यायला तीनएक मिनिटं लागतात आणि नवऱ्याने स्टॉपवॉच लावलं. मला तो जिना सरळ दिसेना, माणसं तिरकी आणि भिंत सरळ की उलटं तेच कळेना, म्हणून मी तीन मिनिटं स्वतःच्या बुटांकडे बघितलं. बूट काळे आहेत. वर पोचल्यावर नवरा म्हणाला, आता परत खाली.

संध्याकाळी कोम्सोमोल्स्काया, वर्तुळाकार लाइनवरचं. वर जमिनीवर तीन मोठी रेल्वे टर्मिनस आहेत, लेनिनग्राद्स्की, यारोस्लाव्स्की आणि कझान्स्की, त्यामुळे खाली आख्खा रशिया बॅगा घेऊन चाललेला. पिवळंधमक छत, नक्षी, भलीमोठी झुंबरं आणि जुन्या रशियन सेनापतींची मोझाइकं. १९५२ चं स्टेशन, श्चुसेव्ह या आर्किटेक्टचं, तो बिचारा ते पुरं व्हायच्या आधीच १९४९ मध्ये गेला. आणि इथे आमच्या नवऱ्याला रिकाम्या हॉलचा फोटो हवा. ऑफिस सुटायच्या वेळेला. गाडी दीड मिनिटाला येते, दोन्ही बाजूंनी, जरा जागा मोकळी झाली की पुढची हजारभर माणसं बाहेर. तो मला म्हणाला, "तू जरा त्या खांबापाशी उभी राहा आणि लोकांना दोन मिनिटं थोपव." मी बघितलं, समोरून एक बाई चाकाच्या दोन सुटकेसा आणि एक फ्रीजएवढा खोका ढकलत येत होत्या. मी म्हटलं, मी चालले.

भाचा आणि मी गाडीत चढलो, नवरा "आलो आलो" म्हणत अजून मोबाईल वर धरून, आणि स्पीकरवरून ते "अस्तरोझ्ना" वगैरे आलं, म्हणजे सांभाळा, दारं बंद होतायत. ती दारं पण बाहेरच्या दारांच्याच घराण्यातली, धाडकन. काचेतून नवरा दिसला, त्याच्यामागे हॉल बऱ्यापैकी रिकामा होता.

भाचा म्हणाला, "कोंबडा."

आम्ही दोन स्टेशनं पुढे नोव्होस्लोबोद्स्कायाला उतरलो, तेच यादीत पुढचं होतं. पाच मिनिटांनी फोन आला. "गाडीत बसलोय, येतोय."

"मामा, अनाउन्समेंट पुरुष करतोय का बाई?"

"काय?"

"आवाज कोणाचा येतोय ते सांग."

त्याने बहुतेक फोन स्पीकरकडे धरला. एक भारदस्त गृहस्थ काहीतरी म्हणाले. भाच्याने कपाळाला हात लावला. प्रकार असा आहे की या वर्तुळावर घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज असतो आणि उलट जाणाऱ्या गाडीत बाईचा, आणि आम्ही बाईच्या गाडीने आलो होतो. (बाकीच्या लाइन्सवर शहराच्या मध्याकडे जाताना पुरुष आणि बाहेर जाताना बाई. तिथले लोक म्हणे सांगतात की साहेब कामावर बोलावतो आणि बायको घरी.)

"मामी, उलटा चाललाय तो. पुढच्या स्टेशनला उतर सांगू?"

मी विचारलं, "ही लाइन गोल आहे ना?"

"हो, अर्ध्या तासात पूर्ण फेरी."

"मग उतरू नको म्हणावं. बसू दे."

त्या अर्ध्या तासात मी खांबाला पाठ टेकून उभी राहिले आणि पहिल्यांदा एक स्टेशन धड बघितलं. इथे काचेची रंगीत चित्रं आहेत, ३२, चर्चच्या खिडक्यांसारखी पण जमिनीखाली, मागून दिवे लावलेले. चित्रकार कोरिन, काचकाम लॅटव्हियातल्या कारागिरांनी रीगात केलेलं. आणि ती सरळ डोळ्यासमोर आहेत, मान जशी आहे तशी ठेवून बघता येतात, यासाठी तर मी त्या कोरिनला काहीही द्यायला तयार आहे. हॉलच्या टोकाला बाळ घेतलेल्या आईचं मोठं मोझाइक, त्यात आधी स्टालिनचा चेहरा होता, तो पुढे काढून तिथे कबुतरं बसवली. भाचा आधी मोबाईलमध्ये होता. मग रेंज गेली वाटतं, तो काचा बघायला लागला, एकेका खांबाजवळ जाऊन, त्यातले छोटे गोल निरखत. परत आला तो रागावून.

"मामी, यात आर्किटेक्ट आहे, भूगोलवाला आहे, शेतीवाला, विजेचा इंजिनियर, चित्रकार, गाणंबजावणंवाला. डॉक्टर नाहीये!"

"नीट बघ."

"दोनदा बघितलं."

आणि तो तिसऱ्यांदा बघायला गेला.

नवरा आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. यादी माझ्या हातातल्या त्याच्या जॅकेटमध्येच राहिली होती, त्यामुळे त्याने आपल्या मनाने तागान्स्काया गाडीतूनच बघितलं, किएव्स्कायाला तर उतरून मोझाइकचे फोटो काढून मागच्या गाडीने आला, पूर्ण वर्तुळ व्हायला एकच स्टेशन कमी राहिलं म्हणून हळहळला, आणि आम्हाला म्हणतो, "तुम्ही काय मघापासून इथेच? काहीच बघितलं नाहीत मग." वर यादी मागितली, हिरवी लाइन अजून राहिलीये म्हणून.

मी यादी दिली, जॅकेटही दिलं, आणि म्हटलं बाहेर जायचा रस्ता कुठून आहे ते आधी त्या काचेच्या केबिनमधल्या बाईंना विचारून ये.