पक्याला मोजायचा कुठे?

मेधाला जनगणनेची ड्युटी लागल्याचं कळलं आणि फडके रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर पक्याने लगेच अर्ज टाकला. "मला गिरगावात मोज. आम्ही मूळचे मुंबईकर."

पक्याला डोंबिवलीत येऊन बावीस वर्षं झाली. पण पोराच्या मुंजीच्या पत्रिकेतसुद्धा नावाखाली 'मूळ गिरगाव' छापलं होतं. मी स्वतः वाचलंय.

"जिथं राहतोस तिथं मोजतात," मेधा म्हणाली. "आणि तू गेल्याची नोंद झालीय. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 33 लाख 38 हजार, 2011 ला 30 लाख 85 हजार. अडीच लाख घटले, त्यातले चार तुमच्या घरातले."

"आकडे ठेव बाजूला. शीवच्या पुढे मुंबई नाही. शीव म्हणजेच वेस!"

"वेस होती ना. पुढे साष्टी, म्हणजे वेगळं बेट. मग 1957 ला दहिसर-मुलुंडपर्यंत हद्द गेली, तुझ्या आजोबांना न विचारता. आणि बेटाचा तोरा कशाला? हॉर्नबी गव्हर्नरने वरळीची खिंड बुजवली नसती तर तू गिरगावातून वरळीला होडीने गेला असतास."

आता शिऱ्या गप्प बसेल? तो एजंट. चहाचा ग्लाससुद्धा कार्पेट एरिया सांगून हातात देतो. "अरे, हद्द कुठे गेलीय बघा! 2019 पासून महानगर प्रदेश सहा हजार चौरस किलोमीटरच्या वर. अटल सेतू झाला, मुंबई आता पनवेलच्या पुढे. आत्ता बुक केलंत तर..."

याच शिऱ्याने मला अंबरनाथला 'स्टेशनपासून पाच मिनिटं' फ्लॅट दाखवला होता. पाच मिनिटं खरीच होती, रिक्षात बसल्यावर. रिक्षा पाऊण तासाने मिळाली. हे मी काढलं तसा तो फोनवर बोलायला लागला. फोन वाजला नव्हता.

"गर्दी तुम्ही बाहेरच्यांनी केलीत," पक्याचं चालूच. स्वतः रोज सकाळी 8 च्या लोकलला लोंबकळतो, पण ती गर्दी वेगळी.

मेधाने ग्लास खाली ठेवला. "मुंबईत चौरस किलोमीटरला वीस हजारांवर माणसं म्हणतात ना, त्या भागाकारात बोरिवलीचं नॅशनल पार्कही धरलंय. बिबट्यांची जागा वजा करून बघ. सव्वा कोटीतले 42 टक्के झोपडपट्टीत. ते कुठे छापतात, मूळ गाव? आणि हेसुद्धा 2011 चं. 2021 ची झालीच नाही. 2011 ला माझी पोरगी बालवाडीत होती, आता नोकरीला जाते. सरकारच्या लेखी अजून बालवाडीतच."

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग पक्या हळूच म्हणाला, "पण मी झोपतो लोकलमध्ये. त्याचं काय?"

"मग तुला दिवा स्टेशनवर मोजते. तिथं उतरायचं नसलं तरी लोक उतरवतात."

शिऱ्याचा फोनसुद्धा हसत सुटला. टपरीवाल्या अण्णांनी हिशेब सांगितला, सात कटिंग. आम्ही चौघं. मोजामोजी पुन्हा सुरू झाली. पक्या म्हणे, त्याने एकही घेतला नाही.

"अण्णा, त्याला सोडा," मेधा पर्स उघडत म्हणाली, "तो गिरगावात राहतो."