बिनदुधाचं प्रकरण

बेळगावात पंखा लागत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या घरात आता एसी लागलेत. एसीखाली बसूनच ते हे सांगतात. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट, गरिबांचं महाबळेश्वर, चार वाजले की गार वारं सुटतंयच की, वगैरे वगैरे. समोर बसलेला सोलापूरचा पाहुणा कॉलरच्या आत रुमाल कोंबत मान डोलावत असतो. एप्रिलातल्या भर दुपारी टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर स्कूटर बंद करून गाडी जायची वाट बघत उभं राहावं, म्हणजे महाबळेश्वर आपल्यापासून किती लांब आहे ते बरोबर कळतं.

अशा दिवसांत आमच्या घरी प्यायला काय असायचं? कैरीचं पन्हं, आमसुलाचं सरबत, नाचणीची आंबील, आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे ताक. ताकाला आमच्याकडे वेळकाळ नाही. पाहुणा आला, ताक. पोट बिघडलं, ताक. ऊन लागलं, ताक. इतकी वर्षं या व्यवस्थेबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. यंदा लेक मे महिना काढायला लॅपटॉपसकट बंगळूरहून आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "बाबा, मी व्हेगन झालेय."

व्हेगन म्हणजे दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही. मधही नाही, कारण तो माश्यांचा. थोडक्यात, जनावराकडून काहीही घ्यायचं नाही. तिच्यासाठी मुद्दाम आणून ठेवलेल्या कुंद्याचा डबा बायकोने एक शब्द न बोलता परत आत नेला. कुंदा म्हणजे तरी दुसरं काय, आटवून आटवून तपकिरी केलेलं दूधच.

आई मात्र डगमगली नाही. तिला वाटलं, हे कसलंतरी व्रत आहे. व्रतांच्या बाबतीत तिचा अधिकार मोठा. साबुदाणा चालतो पण तांदूळ नाही, वरी चालते पण गहू नाही, सैंधव चालतं पण साधं मीठ नाही, असली कलमं तिला तोंडपाठ. तिने लेकीला समोर बसवून रीतसर उलटतपासणी घेतली. भात चालतो? चालतो. कांदा-लसूण? चालतं. वांगं? चालतं. "मग नको म्हणतीस ते काय?" "दूध, आजी." आईच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी याआधी फक्त नोटाबंदीच्या रात्री पाहिलं होतं.

आणि तिचंही बरोबर होतं. आपल्या सगळ्या उपासांचा पाया काय? काही चालो न चालो, दूध चालतं. निर्जळी सोडली तर दुधाला बंदी घालणारा उपास आमच्या घराण्यात कुणी ऐकलेला नाही. भात खा, लसूण खा, पण दुधाला शिवू नको, हे म्हणजे कायद्याचं पुस्तकच उलटं धरलेलं. "कुठल्या देवाचं म्हणायचं हे?" असं तिने विचारलं. 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या मंडळींनी हे सुरू केलं, असं लेकीने सांगितलं. साहेबाचं नाव ऐकून आई गप्प झाली. पटलं म्हणून नव्हे. साहेबाच्या पोटाला दूध सोसत नसणार, असं तिने मनाशी ठरवलं असावं.

तर रोज सकाळी लेकीला स्मूदी हवी, फळं आणि भाज्या एकत्र घातलेली. बायकोने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की तिच्या गॅसवर भाकरी होईल, आमटी होईल, बाकी ज्याला जे घुसळायचं ते त्याने घुसळावं. निवृत्त माणूस घरात एकच होता.

गणपत गल्लीत गेलो. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका पहाटेच्या वडापने येऊन बुट्ट्या मांडून बसलेल्या. आमच्या भागातली भाजी चोर्ला घाटातून उतरून गोव्याला जेवू घालते, त्यामुळे जे मागे उरतं त्यातलं चांगलं हवं तर लवकर गाठावं लागतं. मी पालकाच्या तीन पेंड्या, पुदिना आणि जवारी, म्हणजे गावठी, काकडी घेतली.

"एवढा पालक काय करतासा?" मावशींनी विचारलं.

"प्यायला."

मावशींचा हात तागडीवरच थांबला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोण आजारी हाय घरात?"

हा प्रश्न मला पुढे केळीवाल्याने विचारला, किराणावाल्याने विचारला आणि समोरच्या कन्नड अक्कांनी दोन्ही भाषांत विचारला. भाजी खाणारा माणूस निरोगी, भाजी पिणारा माणूस आजारी, असा आमच्याकडे हिशेब आहे. नाही म्हटलं की लोकांचा संशय आणखी वाढतो. शेवटी मावशींनी पैसे घेताना मूठभर कोथिंबीर फुकट घातली आणि "बरं वाटंल हो" म्हणाल्या.

दूध नाही तर दाटपणा कशाने आणायचा? काजूने. चंदगडचे काजू आमच्याकडे पाव-पाव किलोने येतातच. आठ-दहा पाकळ्या रात्रभर पाण्यात घालायच्या, सकाळी थोड्याच पाण्यात गंधासारख्या वाटायच्या, साईइतकं दाट होतं. आता भिजत घालण्याच्या कामात बेळगावकराचा हात कोण धरील? 1956 पासूनचं सीमाप्रश्नाचं घोंगडं आम्ही भिजत घातलेलं आहे, 2004 पासून ते सुप्रीम कोर्टात भिजतंय. त्यामानाने काजू लवकर फुगले.

गोडीला गूळ घ्यावा म्हटलं, तर लेकीने भुवया उंचावल्या, "गुळात काय काय घालतात, बाबा?" गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, असं सांगितलं. भेंडीला तिची हरकत नव्हती. गूळ पास झाला.

काकडीचं प्रकरण जरा सावकाश सांगायला हवं. जवारी काकडी दिसायला जाडजूड, पोटाशी पिवळसर, पण आतून कशी निघेल ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. आईची पद्धत अशी: देठाकडचं टोक उडवायचं, तोच तुकडा कापलेल्या तोंडावर गोल गोल घासायचा, पांढरा फेस आला की तो धुऊन टाकायचा. कडवटपणा देठाकडे जास्त असतो, तेव्हा देठ उडवणं योग्यच. घासण्याने फेस येतो हे नक्की, बाकी काय होतं ते तिलाच माहीत. पण घासल्याशिवाय ती सुरी चालवू देत नाही. मी मात्र प्रत्येक काकडीचा काप आधी खाऊन बघतो. कोशिंबिरीत एक फोड कडू लागली तर थुंकून टाकता येते, मिक्सरमध्ये ती सगळ्या भांड्याला बाटवते. शिवाय या काकडीच्या भावकीत दुधी भोपळा आहे. आमच्या गल्लीत एक गृहस्थ रोज सकाळी त्याचा रस पितात आणि कडू लागला तर औषधी म्हणून जास्त पितात. हे भलतंच. कडू दुधीच्या रसाने माणसं दवाखान्यात गेलीत, दगावलीतही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू लागला तर रस फेकून द्या, असंच बजावलंय. गृहस्थांना हे सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या घरात कोण आजारी आहे म्हणे?"

काकडीपाठोपाठ आंबा निघाला. लेक सहज बोलून गेली की पालकाच्या जोडीला हापूसच्या दोन फोडी छान लागतील. बाहेर पेटीवर बसून कुणीतरी आंबे चाचपत असल्याचा आवाज बंद झाला. "हापूसात पालक?" आई दारात उभी. दुधाच्या वेळी ती नुसती गप्प झाली होती, या वेळी तिने पेटीच उचलून देवघरात नेऊन ठेवली. तेव्हापासून आमच्या स्मूदीत जवारी केळं पडतं. केळ्याच्या चकत्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवल्या तर बर्फ लागत नाही, पाणचट होत नाही, आणि पालकाचा उग्रपणा केळं गुपचूप पोटात घालतं.

प्रत्यक्ष कृती पाच मिनिटांची आहे. आधी पाणी किंवा शहाळ्याचं पाणी, त्यात मूठभर पालक आणि पुदिना फिरवून घ्यायचा, म्हणजे दातात दोरे अडकत नाहीत. मग काकडी, काजूचं वाटण, केळं, शेवटी लिंबू. लिंबू नुसतं चवीला नाही, पालकातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. "आणि ताकद कुठून येणार?" या बायकोच्या प्रश्नावर लेकीने बी-12 च्या गोळ्यांची पट्टी दाखवली; ते भाजीपाल्यातून मिळत नाही, म्हणून ती वेगळं घेते. "म्हणजे ताक सोडून गोळ्या," एवढंच बोलून बायको भाकरीकडे वळली.

पाच मिनिटांची कृती, पण आमच्या मिक्सरला एकच मोठं भांडं, आणि ते लसणीच्या चटणीचं माहेरघर. लिंबाच्या सालीने घासा, सोड्याने घासा, उन्हात पालथं घाला, पहिल्या घोटाला लसूण हजर. गोठलेलं केळं एकदम टाकलं की मोटर घुर्रर्र करून बसते. मग मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबायचं, ते लगेच बसत नाही, मोटर निवेपर्यंत बोट तिथेच घेऊन उभं राहायचं. एकदा लेकीने हिमोग्लोबिनच्या नावाने बीट घालायला लावलं. हिरव्यात लाल मिसळलं की काय होतं ते चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आई डोकावून म्हणाली, "अंगण सारवायला केलास काय रे?"

असं रोजचं चाललेलं असताना एका संध्याकाळी लेकीला दुसरा ग्लास हवा झाला. भांडं भरलं, बटण फिरवलं, आणि पश्चिमेकडून वळीव चालून आला. आधी धूळ, मग पत्र्यांचा आवाज, मग गारा. करंट गेला. वळवात करंट जाणार हे आमच्याकडे पंचांगात छापायचंच तेवढं बाकी आहे. भांडं तसंच अर्धवट फिरलेलं सोडून मी गच्चीवरच्या सांडग्यांसाठी धावलो, लेक खिडक्या लावायला, बायको वाळवणाच्या चादरी ओढायला. अंधाऱ्या स्वयंपाकघरात राहिली ती एकटी आई. आणि साईचं वाडगं.

करंट आला तेव्हा मी भांडं फिरवून ग्लास भरला. रंग जरा उजळ वाटला. लेकीने ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"आजी?"

"मी न्हाई."

"मी अजून काही विचारलंच नाही."

"मांजर आलं असेल."

आमच्या घरात मांजर नाही. बायकोने फ्रीज उघडून धुतल्यासारखं रिकामं वाडगं सगळ्यांना दाखवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले, भांडं तिथेच टाकून मांजरावर ढकलणारी ही पहिलीच. "पोरगी वाळून कोळ झाली, चमचाभर साईनं कुठली गाय मरत्या?" असा शेवटी कबुलीजबाब आला. लेक चिडली नाही. तिने ग्लास उचलून आजीच्या हातात दिला, "साय टाकवत नाही ना तुला? मग तूच पी."

आईची कोंडी झाली. पालक प्यायचा तिला पटेना आणि साय मोरीत ओतायची छाती होईना. तिने डोळे मिटले, हातातली माळ ओढली आणि घोट घेतला. पुन्हा घेतला. तळाशी आली तेव्हा म्हणाली, "मीठ न्हाई, जिरं न्हाई. बाकी वाईट न्हाई."

तेव्हापासून मोठं भांडं लेकीचं, त्यात काजू. मधलं भांडं आईचं, त्यात साय, मीठ, जिरं आणि देवघरातून तिने स्वतः सोडवून आणलेली हापूसची एक फोड. समोरच्या अक्का साडेसातला वाटी घेऊन येतात, "स्वल्प साकु री", म्हणजे थोडंच पुरे, असं म्हणतात आणि भरून नेतात. परवा बायकोने ओट्यावर ओळीने मांडलेली हिरवी भांडी पाहिली आणि मला विचारलं, "अहो, आज लसूण कशात वाटू? टोपीत?"