ऐरोलीकर, तुमचं अर्धं म्हणणं मान्य आहे

ऐरोलीकर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्रीच वाचली होती, पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर भांडणच झालं असतं म्हणून दोन दिवस थांबलो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी आईसाठी घेतलेल्या साडेसात हजारांच्या टचस्क्रीन फोनबद्दल लिहिलं होतं की बॅटरी मस्त पण टच डोक्याला ताप, चार्जिंगला लावल्यावर तर स्क्रीन वेड्यासारखी वागते. त्यावर ऐरोलीकरांचं म्हणणं असं, की साडेसात हजारात आयफोन मिळणार आहे का, त्यांच्याकडे तोच फोन आठ महिने नीट चालतोय, दोष फोनचा नसून सवयीचा आहे, आणि चार्जर कुठला वापरला ते मी सोयीस्करपणे लिहिलं नाही. शिवाय कौतुकाला दोन ओळी आणि रडगाणं दोन पानं.

चार्जरपासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. डब्यातला चार्जर मी ऑफिसला घेऊन गेलो होतो आणि आईला स्टेशनबाहेरून एकशेवीस रुपयांचा आणून दिला होता. लपवलं नाही हो, खरंच डोक्यात आलं नाही. काल रात्री दोन्ही चार्जर घेऊन बसलो. तो स्वस्तातला लावून कॅल्क्युलेटर उघडला आणि 5 दाबला तर मधूनच 2 आणि 8 पण उमटायला लागले, म्हणजे त्याच उभ्या ओळीतली बटणं. डब्यातला चार्जर लावला तर एकदाही नाही. झालं, पितळ उघडं पडलं.

असं का होतं ते पण वाचलं. या स्क्रीनमध्ये काचेखाली पारदर्शक तारांची जाळी असते, बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि तो बदल मोजून फोन ठरवतो की बोट नक्की कुठे आहे. हा बदल अगदी बारीक असतो, त्यामुळे हलक्या चार्जरमधला नॉइज, म्हणजे विजेतली खरखर, त्यात मिसळला की फोनला बोट नसलेल्या जागीही बोट दिसतं. तर चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन वेड्यासारखी वागते असं जे मी लिहिलं होतं ते मागे घेतो, त्यात फोनची चूक नाही, माझ्या कंजूषपणाची आहे.

पण सवयीचा मुद्दा मात्र पटला नाही, सॉरी.

माझ्या आईने चाळीस वर्षं भांडी घासलीत, कणीक मळलीये. तिची बोटं कोरडी आणि निबर झालीत, इतकी की फिंगरप्रिंट लॉक तिच्यासाठी असून नसल्यासारखं. अशा कोरड्या निबर कातडीचा स्क्रीनला सिग्नलच कमी मिळतो. तुमची बोटं ऑफिसातली, माझी पण, आपल्याला काय कळणार. काल डेव्हलपर ऑप्शन्स म्हणून फोनमध्ये एक लपलेली सेटिंग असते, त्यातलं पॉइंटर लोकेशन चालू केलं, त्यात बोट फिरवलं की मागे रेघ दिसते, आणि आईला सांगितलं की या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हळूहळू रेघ मार. चार्जर काढून, बरं का. माझी रेघ सलग आली, तिची तीन ठिकाणी तुटली. मग फोनवर आधीपासून चिकटवलेलं प्लास्टिक काढून टाकलं तर दोन ठिकाणी तुटली. तेच बोट माझ्या पाच वर्षं जुन्या फोनवर फिरवलं, तो घेतला तेव्हा सतरा हजारांचा होता, तर एकदाही तुटली नाही. आता सांगा, यात सवय कुठे आली?

ती हल्ली काय करते माहितीये, करंगळीच्या कडेने दाबते. तिथली कातडी जरा मऊ आहे म्हणून, आणि ही युक्ती तिची तिने शोधली, मी नाही सांगितली. जांभळी नाक्यावर भाजी घेताना दोनदा यूपीआयचा पिन चुकला, मागे लोक उभे, तिसऱ्यांदा चुकला तर खातं ब्लॉक होईल या भीतीने तिने पिशवीतून रोख काढून दिले आणि घरी येऊन मला म्हणाली, “अरे मला येत नाही हे सगळं.” तिला येतं हो! मला राग त्याचा आला होता, म्हणून दोन पानं झाली. आणि पावसाळ्यात तर आपले सगळ्यांचेच हाल, छत्री सांभाळत ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली उभं राहून लोकलचं तिकीट काढायला गेलं की स्क्रीनवर पडलेला थेंब पण बोटच समजला जातो, ते महागड्या फोनलाही चुकत नाही, फक्त तिथे प्रमाण कमी.

आयफोनबद्दल म्हणाल तर तशी अपेक्षा नव्हतीच. साडेसात हजारात 720 पिक्सेलची स्क्रीन चालते, 50 मेगापिक्सेल कॅमेऱ्यातून चार चार पिक्सेल जोडून साडेबाराचाच फोटो येतो तेही चालतं, आई नातवाचे फोटो बघते, छापत नाही. 3 जीबी रॅमच्या पुढे डब्यावर +3 लिहिलेलं असतं ते मात्र मला फसवणुकीच्या जवळ जाणारं वाटतं, कारण ती रॅम नसतेच, स्टोरेजचा तुकडा असतो, आणि या फोनांमधलं ईएमएमसी, म्हणजे स्वस्त प्रकारचं स्टोरेज, आधीच रॅमच्या मानाने कितीतरी हळू. म्हणून व्हॉट्सअॅपवरून पेमेंटच्या अॅपवर जाऊन परत आलं की मराठी कीबोर्ड यायला एक आवंढा गिळण्याइतका वेळ लागतो. पण खरंच सांगतो, याची सवय होते. टच ऐकत नाही याची होत नाही, कारण फोनशी बोलायचा तो एकच रस्ता आहे.

कौतुक कमी पडलं म्हणता, तर घ्या. 5000 एमएएच बॅटरी आणि कमी पिक्सेलची स्क्रीन, त्यामुळे आईला दोन दिवस आरामात जातात, माझा संध्याकाळी घणसोलीला पोचेपर्यंत मान टाकतो. दोन सिम घालूनही मेमरी कार्डला वेगळी जागा आहे, हेडफोनचं भोक आहे, बहुतेक महाग फोनवाल्यांनी या दोन्ही गोष्टी कधीच काढून टाकल्या. स्पीकर इतका मोठा की मिक्सर चालू असताना कीर्तन ऐकू येतं. चार्जिंग 10 वॉटचं, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला अडीच तीन तास, पण रात्री लावून झोपणाऱ्याला त्याचं काय.

आणि शेवटी तुम्ही विचारलंय की वडिलांसाठी दुसरा एक घ्यायचाय, घेऊ की नको. वडिलांना सोबत घेऊन दुकानात जा, तुम्ही एकटे जाऊन आणू नका, मी तेच केलं होतं. डेमोचा फोन असेल तर त्यांनाच कीबोर्ड उघडून स्वतःचं नाव टाइप करू दे, दुकानदार कितीही घाई करू दे. जमलं तर बिनधास्त घ्या, नाहीतर दोन हजार वर टाकून दुसरा बघा. चार्जर डब्यातला, हे तुम्हाला सांगायला नको.

मूळ पोस्टमधला चार्जिंगचा परिच्छेद आज रात्री दुरुस्त करतो, तिथे “ऐरोलीकरांनी चूक दाखवली” असं लिहू ना, की नाव नको?