एच-इंडेक्सच्या आत डोकावताना

एका प्राध्यापकपदासाठी आलेले अर्ज वाचण्याचे काम नुकतेच माझ्याकडे आले होते. हृद्रोगशास्त्रातील एका अर्जदाराने पहिल्याच पानावर, नावाखाली आणि पदव्यांच्याही आधी, आपला एच-इंडेक्स (संशोधकाचे काम एका आकड्यात मोजणारा निर्देशांक) आणि सायटेशनची, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांच्या दिलेल्या संदर्भांची, एकूण संख्या ठळक अक्षरांत छापली होती. आकडा खरोखरच दिपवणारा होता. समितीतील एक ज्येष्ठ सहकारी तो पाहूनच म्हणाले, "यांचं काय वाचायचं, थेट मुलाखतीला बोलवा."

मी मात्र त्या रात्री, संशोधन-निबंध आणि त्यांची सायटेशन दाखवणाऱ्या गूगल स्कॉलरवर, अर्जदारांचे पान उघडले. सर्वाधिक सायटेशन मिळालेले पहिले तीन निबंध म्हणजे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे होती, ज्यांना आपण सगळे 'गाइडलाइन' म्हणतो. या दस्तऐवजांना हजारोंनी सायटेशन मिळणे स्वाभाविकच आहे, कारण त्या आजारावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण प्रस्तावनेतच त्यांचा हवाला देतो. परंतु ते सायटेशन ती तत्त्वे लिहिणाऱ्या समितीतील प्रत्येक सदस्याच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होते, मग त्याने एक परिच्छेद लिहिलेला असो वा अख्खे प्रकरण. चौथ्या क्रमांकावर एक मोठी बहुकेंद्री, म्हणजे अनेक रुग्णालयांत मिळून केलेली, चाचणी होती आणि तिच्या लेखकांच्या लांबलचक यादीत अर्जदारांचे नाव कुठेतरी मध्यावर होते.

मोठ्या चाचण्यांना माझा विरोध नाही, उलट हृद्रोगशास्त्राचे त्यांच्यावाचून चालणारच नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे कोणते औषध सरस, हे पाहणाऱ्या 'गस्टो' चाचणीत ४१,०२१ रुग्ण होते, आणि मृत्यूच्या प्रमाणातील जेमतेम एका टक्क्याचा फरक खात्रीने दाखवायचा तर एवढी संख्या लागतेच. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाला पानांच्या शंभरपट लेखक असल्याबद्दल 'इग नोबेल' हे विनोदी पारितोषिकही मिळाले. (पारितोषिक विनोदी असले तरी नेम अचूक होता.) अडचण चाचणीत नाही, तिचे श्रेय मोजण्याच्या रीतीत आहे. एच-इंडेक्स ४० म्हणजे किमान ४० सायटेशन असलेले ४० निबंध; त्यातील किती स्वतः रचले आणि किती निबंधांना केवळ रुग्ण पुरवले, हे तो सांगत नाही. २००५ साली हा निर्देशांक मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी त्याच निबंधात बजावले होते की, एका आकड्यातून माणसाच्या कामाचा फार तर ढोबळ अंदाज येईल. तेवढे वाक्य समित्या सोयीस्करपणे विसरल्या.

शिवाय सायटेशनला बरे-वाईट कळत नाही. हृदयावर संशोधन करणारे पिएरो अन्वर्सा यांच्या प्रयोगशाळेने हृदयाचे स्नायू मूलपेशींपासून पुन्हा निर्माण होतात असा दावा केला, आणि तो खोडून काढू पाहणाऱ्या संशोधकांनाही प्रत्येक वेळी त्याच निबंधांचा संदर्भ द्यावा लागला. २०१८ साली हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालय आणि ब्रिगहॅम रुग्णालय यांनी त्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घेण्याची शिफारस केली. तोवर मिळालेली सायटेशन्स मात्र कोणी परत घेतली नाहीत. एच-इंडेक्सला उतरण कशी ती ठाऊकच नाही.

आमच्या अर्जदारांचा, स्वतः पहिले लेखक असलेला निबंध सापडायला मला बरेच खाली जावे लागले. एका साध्या जर्नलमधला, सायटेशन मोजकेच. झडप बदललेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षे केलेला पाठपुरावा होता तो, आणि मध्येच संपर्क तुटलेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले, याचा एका तक्त्यात प्रामाणिक हिशेब होता. असा तक्ता मी फार थोड्यांच्या लेखनात पाहिला आहे.

दुसऱ्या बैठकीला मी त्याच निबंधाच्या प्रती काढून नेल्या. अर्जाचे पहिले पान बाजूला ठेवून त्या वाटल्या, आणि मुलाखतीतला पहिला प्रश्न त्या तक्त्यावर विचारावा, असे सुचवले. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आधी घड्याळाकडे पाहिले, मग चष्मा लावला.